जनूकाकाचा बांधलेला पाय

माझा सख्खा काका, जनूकाका, एकेकाळी सोमवार ते बुधवार लंगडा असायचा. पुढे एक पावसाळाभर तो रोज सकाळी नऊ ते अकरा आंधळा होता, आणि एकदा भातकापणीच्या दिवसांत पंधरा दिवस त्याला डावा हात नव्हता. बाकी प्रकृती ठणठणीत. साठीला टेकला तरी विहिरीवरून दोन हंडे एका दमात आणायचा. म्हणजे ज्या दिवशी सगळे हातपाय जागेवर असतील त्या दिवशी.

लंगडं व्हायची त्याची पद्धत साधी होती. डावा पाय गुडघ्यात दुमडायचा, पोटरी मांडीला लाल चौकड्यांच्या पंचाने करकचून बांधायची, वरून लेंगा सोडायचा आणि काखेत बांबूची कुबडी घ्यायची. लेंग्याचा रिकामा पाय वाऱ्यावर हलायचा. नवख्या माणसाला पाहून वाईट वाटायचं. आम्हाला सवय होती. आई ओट्यावरून विचारायची, "भावोजी, पाय सोडताय की असंच जेवताय?"

त्याच दिवसांत माझं लग्न ठरत होतं. शहापूरकडची मंडळी घर बघायला आली. आमचं गाव मुरबाडहून शहापूरला जाताना मध्येच कुठंतरी पडतं, त्यामुळे ती मंडळी दोन बस आणि एक जीप बदलून घामेघूम झालेली. दारात स्वागताला जनूकाका, एका पायावर. होणारे सासरे चहा घेता घेता माझ्या वडिलांना हळूच म्हणाले, "घराण्यात असं आणखी कोणाला आहे का?" वडील सरळ माणूस. म्हणाले, "नाय नाय, हा पाय बुधवारपर्यंतच. गुरुवारी सोडतो."

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. साखरपुड्याला काका दोन्ही पायांनी तुरुतुरु चालत पंगतीत वाढताना दिसला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि लग्नात तो डोळ्यांना पट्टी बांधून अक्षता शोधत होता तेव्हा परत बाहेर आला. तरी लग्न झालं. मुलीनेच म्हणे घरी सांगितलं होतं, माणसं विचित्र आहेत पण कंटाळा यायचा नाही. हे ती काकाकडे बघून म्हणाली होती, माझ्याकडे बघून नव्हे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

जनूकाका तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. विधुर, मूलबाळ नाही. काकी गेल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्यांत एकटाच राहायचा आणि जेवायला आमच्याकडे यायचा. बोलणं अर्धं गावचं, अर्धं कचेरीचं. "सदर भाजीत मीठ नाय," असं म्हणायचा. लोटा हरवला तर "उपरोक्त लोटा कोणी नेला?" आणि अक्षर असं की बघत राहावं. मोत्यांची उपमा लोक उगाच देतात. मोती एवढे सरळ रेषेत बसत नाहीत. उजव्या हाताला तो फार जपायचा. लाकडं फोडणार डाव्याने, गरम तपेली उचलणार डाव्याने. पुढे त्याने स्वतःचं काय काय बांधून पाहिलं, पण उजवा हात कधी नाही.

या अक्षरामुळेच सगळं झालं. कचेरीत अपंगांच्या अनुदानाचे अर्ज यायचे. अर्ज भरून देणं हे काही काकाचं काम नव्हतं, पण पाड्यावरची माणसं बाहेर उकिडवी बसलेली दिसली की याला राहवायचं नाही. त्यांना आत बोलवायचा, बाकड्यावर बसवायचा, चहा मागवायचा आणि विचारायचा, "काय गेलंय?" ते सांगायचे, पाय, हात, डोळे. काका लिहायचा: 'सदर इसम कोणतेही काम करण्यास पूर्णतः असमर्थ आहे.' असं लिहिलं की अर्ज अडत नसे. वाक्य हाताला इतकं बसलेलं की एकदा माझ्या शाळेच्या रजेच्या अर्जावरही त्याने तेच लिहिलं. मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाले, "याबाबत दुमत नाही."

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर काका निवृत्त झाला. दोन वर्षं बरी गेली. मग एकदा शहापूरच्या बाजारात त्याला बुधी भेटली.

बुधी म्हणजे सोमाची बायको. सोमा डोळखांबच्या वर एका पाड्यावर राहायचा. खडीच्या खाणीत दगडाखाली सापडून त्याचा डावा पाय गेला होता, गुडघ्याखाली. त्याचा अर्ज काकानेच लिहिलेला. काकाला माणसं अर्जावरून लक्षात राहायची.

"बुधी ना गो तू, सोमाची?" काकाने विचारलं. "सोमा इरली, टोपल्या करायचा ना? मला पावसात डोईवर घ्यायला एक इरलं पायजे."

"नाय करीत आता," बुधी म्हणाली. "तुमीच लिवलंत ना, भाऊसाहेब. याला कसलंच काम यायचं नाय म्हनून. तुमी वाचून दावलंत, तवापास्ना बसलाय."

"अगो, ते अर्जात तसं लिहावं लागतं."

"लिवलंत ना पन?"

काका इरलं न घेता घरी आला. जेवताना भाजीत मीठ जास्त होतं तरी काही बोलला नाही. शेवटी ताटावरून उठताना माझ्या वडिलांना म्हणाला, "दादा, मी एका माणसाला सात वर्षं बसवून ठेवलाय. माझ्या अक्षरात." दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी बघतो तर काकाला एक पाय नाही.

त्याचं म्हणणं असं. सोमाला नुसतं 'काम कर' म्हणून सांगण्यात अर्थ नाही. टोपली विणणारा टोपलीचा तळ दोन्ही पायांनी दाबून धरतो आणि हाताने बांबूच्या कामट्या भरत जातो. एकाच पायाने दाबलं तर तळ गरगर फिरणार. ते कसं जमवायचं हे आधी आपण शोधायचं, मग त्याला दाखवायचं. "आधी प्रात्यक्षिक, मग शिफारस," काका म्हणाला. "गेल्या वेळी मी उलटं केलं."

आठवडे गेले. काका अंगणात एक पाय बांधून बसायचा, बांबू चिरायचा, बोटं कापून घ्यायचा, डाव्या हाताचीच. टोपली फिरायची, काकाही तिच्याबरोबर थोडा फिरायचा. शेवटी एक वस्तू तयार झाली. तिला टोपली म्हणायचं असं घरात ठरलं. आईने ती एका कोंबडीवर झाकून बघितली. कोंबडी बाजूने बाहेर आली आणि वर चढून बसली.

एसटीतही तो तसाच फिरायचा. कंडक्टर बिचारा सवलतीचं तिकीट फाडायला लागला की काका म्हणायचा, "फुल द्या. पाय आहे. बांधलाय." कंडक्टर बराच वेळ त्याच्याकडे बघायचा आणि मग पुढची सगळी तिकिटं चुकवायचा.

सोमाच्या पाड्यावर जायला मात्र एसटी नव्हती. तिथे मी होतो. मी मुरबाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि माझ्याकडे लुना होती. लुना दोन माणसांना सपाटीवर नेते, चढावर एकालाच. चढ आला की मी उतरून मागून ढकलायचो आणि काका वर बसून राहायचा, कारण पाय बांधलेला. वाटेत भेटणारी माणसं मला म्हणायची, "पुन्य लागंल रे तुला, लंगड्या मानसाला नेतोस." मी मान डोलवायचो. पुण्य कुठं नाकारायचं.

सोमा चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. कुडाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, जसे कोणीतरी तिथे आणून ठेवलेत आणि न्यायला विसरलेत. आम्ही गेलो की बुधी कोरा चहा ठेवायची.

पहिल्या खेपेला काकाने नियम सांगितला. "मी कचेरीत विचारून आलोय. मीठमिरचीपुरतं मिळवलंस म्हणून तुझं अनुदान बंद होत नाही. अनुदान घेणाऱ्याने हात मांडीवर ठेवून बसावं असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही."

"तुमी बोलता ता खरंच असल," सोमा म्हणाला. हात मांडीवरच.

दुसऱ्या खेपेला काकाने आपली टोपली नेली. सोमाने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आत डोकावला. त्याच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग अदबीने ती बुधीकडे दिली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, पाय सोडा. रग लागली असल."

तिसऱ्या खेपेला काका चिडला. मी त्याला आयुष्यात एवढा चिडलेला पाहिला नव्हता. "अरे, कोणाला भितोस तू? अनुदान जात नाही, तुला काम येतं, बायको एकटी रानात राबते, तालुक्यातले सगळे भाजीवाले टोपल्या मागतात. मी एक पाय बांधून तीन वेळा हा डोंगर चढलो."

"लुना मी ढकलली," मी म्हणालो.

"हा मधे बोलतोय. सोमा, मला एकच सांग, तू बसलायस कशापायी?"

सोमा जमिनीकडे बघत राहिला. मला त्या दिवशी शिफ्टला जायचं होतं, उशीर होत होता, म्हणून मी माझ्या नेहमीच्या शहाणपणाने म्हणालो, "जाऊ दे ना काका. तू आता रिटायर झालायस. कशाला जिवाला त्रास करून घेतोस?"

सोमाने मान वर केली.

"कोन रिटायर झाला?"

"हा. काका."

"भाऊसाहेब? कवा?"

"दोन वर्षं होऊन गेली."

सोमाने बुधीकडे पाहिलं. बुधीने सोमाकडे पाहिलं. मग सोमा काकाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच तक्रार होती, "मंग ता आदी नाय सांगायचं?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय, भाऊसाहेब. तुमी कागदावर लिवलंत, याला कसलंच काम यायचं नाय. मी हितं टोपली करीत बसलो, नि कोन साहेब आला, नि त्यानी बगितलं, तर कागद खोटा पडल. कागद कोनाचा? तुमचा. नोकरी कोनाची जाईल? माजी तर नोकरीच नाय."

काका चष्मा काढून पुसायला लागला, पण पंचा पायाला बांधलेला, म्हणून नुसताच हातात धरून बसला.

"माझ्या नोकरीपायी," तो शेवटी म्हणाला. "सात वर्षं."

"तुमी बाकड्यावर बसवलंत ना मला," सोमा म्हणाला. "दुसरीकडं समदे उभंच ठेवीत. नि चा पाजलात." जरा थांबून त्याने विचारलं, "आता तुमाला पेन्शन असल. ती तर नाय ना कापनार कोन?"

"नाय रे बाबा. पेन्शन कोण कापत नाय."

"नक्की?"

"लिहून देऊ?"

"नको," सोमा घाईने म्हणाला. "लिवू नका. आन गो कोयती."

बुधीने वाशांमध्ये खोचलेलं एक गाठोडं खाली काढलं. फडक्यातून कोयती निघाली. ती मी जवळून पाहिली, स्टोअरकीपरला लोखंड कळतं. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. सात वर्षं कोणीतरी तिला तेल लावत होतं. कोण ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

सोमा बसल्या जागेवरून घसरत खोलीच्या मधे आला. सारवलेल्या जमिनीवर त्याने बोटांनी चाचपलं, एका ठिकाणी शेण उकरलं, आणि आत एक भोक निघालं, वाटीएवढं, गुळगुळीत. बुधीने त्यात वर दोन फाटे असलेलं एक दुबेळकं लाकूड ठोकलं. टोपलीचा तळ एका बाजूने त्या बेळक्यात अडकवायचा आणि दुसऱ्या बाजूने उजव्या पायाने दाबायचा. तळ हलत नव्हता, फिरत नव्हता. कामट्या सोमाच्या हातातून अशा जायला लागल्या की काकाने आपली टोपली हळूच माझ्या पाठीमागे सरकवली.

"ही खुंटी कधीची?" काकाने विचारलं.

"पाय गेला त्याच साली केली."

"म्हणजे मी अर्ज लिहिला तेव्हाही, एका पायाने, तू टोपल्या करत होतास?"

"मंग? आदल्या दिशी तीन दिल्या हुत्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलंत का? तुमी इचारलंत, काय गेलंय. मी सांगलं, पाय."

येताना उताराला काकाने लुना थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसला आणि पायाची गाठ सोडली. पाय सरळ होईना. लाल पंचा हातात घेऊन तो पोटरी चोळत राहिला, आणि मग त्या पंचाने डोळे पुसायला लागला. मी घाबरलो. "काय झालं, काका?"

"पायाला मुंग्या आल्यात," तो म्हणाला. "वाईट असतात रे या मुंग्या."

मी शिफ्टला दोन तास उशिरा पोचलो. उशिराचं कारण लिहा म्हणाले, तर मी 'काकांच्या पायाला मुंग्या' असं लिहिलं. ते मान्य झालं नाही.

पुढच्या खेपेला काका तो पंचा सोमाकडे ठेवून आला, घाम पुसायला. "मला आता लंगडायचं काम नाय," म्हणाला. सोमाच्या टोपल्या काकडी-भेंडीवाले जाग्यावरून उचलून न्यायला लागले. अनुदानही चालू राहिलं. काकाचं मात्र भलतंच सुरू झालं. कचेरीतले आपल्या हातचे जेवढे अर्ज आठवले, तेवढ्यांच्या दारी तो जाऊ लागला. प्रत्येक दारात एकच वाक्य: "गेलं त्याची यादी कचेरीत आहे. उरलंय काय ते बोल."

तुळसाबाईंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी काका डोळ्यांना फडकं बांधून रोज दोन तास वाल सोलायचा. पहिल्या दिवशी टरफलं पातेल्यात आणि वाल उकिरड्यावर गेले. आईने भाजी काय करायची असं विचारलं तर म्हणाला, "सदर चूक प्रयोगाचा भाग आहे." पण पावसाळा सरेपर्यंत त्याला कळलं की सोलताना किडका दाणा बोटाला आधी समजतो, डोळ्याला नंतर. तुळसाबाईंना हे तो सांगायला गेला तर त्या म्हणाल्या, "ता मला ठावं हाय रे भावा. मला वाल कोन देनार ता सांग." काकाने बाजारातल्या वालवाल्या बायकांना गाठलं. चार वर्षं तुळसाबाई बाजाराच्या दिवशी तिथे बसून वाल सोलत होत्या आणि बायका आपला किडका माल त्यांच्यापासून लपवत होत्या.

दर वेळी तेच व्हायचं. काका दिवसचे दिवस काहीतरी बांधून मार्ग शोधायचा आणि त्या माणसाला तो मार्ग आधीच ठाऊक असायचा. मी एकदा म्हणालो, "काका, मग बांधतोस कशाला? नुसतं विचार की."

"नुसतं विचारणारे खूप येतात," तो म्हणाला. "पाय बांधून आलं की माणूस खरं सांगतो."

त्याने मलाही सोडलं नाही. कारखान्यात मशीन आल्या, माझी खुर्ची कोपऱ्यात गेली, आणि मी घरी येऊन रोज रडगाणं गायचो. काका ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "उरलंय काय ते बोल." माझे दोन हात, दोन पाय, दोन डोळे आणि वयाच्या मानाने बरंच पोट एवढं सगळं शाबूत होतं. तरी मला एकदाही उत्तर देता आलं नाही.

मग काकालाच झटका आला. सकाळी दात घासताना उजवी बाजू लुळी पडली. कल्याणच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय आला बराचसा, वाचा आली, तोंड जरा वाकडं राहिलं. उजवा हात आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा, तळवा वर.

घरी आणल्यावर आम्ही सगळे त्याच्या तैनातीला. पाणी हवंय? तू बस. चप्पल कुठाय? तू बस, काका. सर्वांत जास्त 'तू बस' मीच म्हणालो असेन. चांगल्या मनाने म्हणत होतो, म्हणून मला ते ऐकू येत नव्हतं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला त्याला बँकेत नेलं. सही करायची होती. काकाने लेखणी डाव्या हातात घेतली, कागदावर टेकवली आणि परत ठेवली. पलीकडचा पोरगा कारकून चांगल्या मनाने म्हणाला, "राहू द्या बाबा, अंगठा द्या." शाईचं पॅड पुढे आलं. मी काकाचा अंगठा धरून टेकवला. काका खिडकीबाहेर बघत होता.

त्या दिवसानंतर 'सदर' बंद झालं. 'उपरोक्त' बंद झालं. भाजीत मीठ आहे की नाही हे घरात कोणाला कळेना. संध्याकाळी दिवे लागले की मी मागच्या खोलीत डोकवायचो. काका खाटेवर बसलेला असायचा, हात मांडीवर. असा बसलेला माणूस मी आधी कुठे पाहिला होता ते मला आठवत होतं. तरी मी काय करायचं ते मला सुचलं नाही. मी डोळखांबच्या जीपवाल्याकडे सोमाला निरोप धाडला, काका आजारी आहे, बघून जा. त्यालाही पंधरा दिवस झाले. सोमा आला नाही, आणि मला त्याचा थोडा रागच आला.

एका रविवारी सकाळी फाटकापाशी जीप थांबली. आधी बुधी उतरली, डोक्यावर टोपली. मग कुबडी, मग सोमा. कुबडी डाव्या काखेत, आणि उजवा हात लाल चौकड्यांच्या पंचाने छातीला गच्च बांधलेला.

"अरे, हाताला काय झालं?" मी धावलो.

"काय नाय," सोमा म्हणाला. "बांधलाय."

काकाच्या खाटेसमोर तो जमिनीवर बसला. तब्येत विचारली नाही. बुधीने टोपलीतून एक पाटी काढली, शाळेची, लाकडी चौकटीची. ती सोमाने काकापुढे धरली. पाटीवर दोन अक्षरं होती. वेडीवाकडी, उतरणीला लागलेली, पण वाचता येणारी: सोमा.

"कोणी लिहिलं?" काकाने विचारलं.

"मी. डाव्यानी."

"तुला लिहायला येतं?"

"कुठलं? तुमच्यापुढं अंगठाच दिला हुता मी. पाड्यावरच्या शाळेत बाई हायत, त्यांनी दावलं. निरोप आला तवाच उजवा बांधला. पयले आठ दिस 'स' उलटाच येत हुता." सोमाने पाटी खाटेवर ठेवली. "भाऊसाहेब, मला तर उजव्यानी पन येत नव्हतं. डाव्यानी आलं. तुमाला तर येतंय."

काकाने मान खाली करून ती दोन अक्षरं परत वाचली.

"गेलं ता समदं ठावं हाय," सोमा म्हणाला. "उरलंय काय ता बोला."

आई दारात भाताची परात घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. काकाने डाव्या हाताने चष्मा नाकावर वर सारला, पाटी जवळ ओढली आणि बारकाईने तपासली, जशी पूर्वी कचेरीत कागद तपासायचा.

"सदर 'मा'चा काना वाकडा आहे," तो म्हणाला.

आईने परात दाराशीच ठेवली आणि पदराने तोंड झाकून आत गेली. सोमाने पेन्सिल पुढे केली. काकाने ती डाव्या मुठीत धरली, पोरं धरतात तशी, आणि सोमाच्या कान्याशेजारी एक काना काढला. तो सोमाच्या कान्यापेक्षा कितीतरी वाकडा आला. मध्येच तुटला, परत जोडला गेला आणि पाटीच्या चौकटीवर जाऊन थांबला.

"आता दोगांचा सारखा झाला," सोमा म्हणाला.

"सारखा नाय," काका म्हणाला. "तुझा बरा आहे. पाटी ठेवून जा."

"ठेवायलाच आनलीय."

जेवायला दोघे शेजारी बसले, दोघेही डाव्या हाताने. सोमाने आपला हात सोडला नाही. बुधी म्हणाली, "सोड रे आता," तर म्हणाला, "भाऊसाहेबांचा सुटलाय का?" वालाची भाजी होती. पहिला घास घेऊन काका आईला म्हणाला, "उपरोक्त भाजीत मीठ नाय." आईने मिठाची वाटी पुढे केली. भाजीत मीठ बरोबर होतं, मी चाखली होती. पण मी काही बोललो नाही. शहाणपण माझ्यात उशिरा येतं, पण येतं.

दुपारी मी त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेलो. फाटकाबाहेर, खाटेवरून दिसणार नाही अशा जागी, सोमा थांबला. बुधीने पंचाची गाठ सोडली. हात खाली आला तो लाकडासारखा ताठ, बोटं पांढरी पडलेली. पंधरा-वीस दिवस त्याने रोज किती वेळ तो बांधून ठेवला असेल, आणि तेवढे दिवस एकही टोपली झाली नसेल. सोमाने पंचा डाव्या हातात घेतला आणि डोळे पुसायला लागला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "हाताला मुंग्या आल्यात."